मुलाखतीला गेले

"गैरहजर कधी लिहायचं नाही. 'मुलाखतीला गेले' लिही आणि पुढच्याला हाक मार."

मोठ्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा तीन नंबरच्या खिडकीवर तिचा पहिलाच आठवडा होता. मोठ्या बाई म्हणजे रोजगार सहाय्य केंद्रातल्या सर्वांत जुन्या बाई. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, आवाज जाडाभरडा आणि मन लोण्याचं. तिच्या खुर्चीमागे उभं राहून त्या पडद्यावर बोट टेकवून दाखवत होत्या. जो माणूस हजेरीला आला नाही त्याच्या नावापुढचा बाण दाबला की तीन ओळी उघडायच्या. पहिली, गैरहजर. दुसरी, आजारी, दाखला आवश्यक. तिसरी, मुलाखतीला गेले. चौथी ओळ नव्हती.

"आता हाच बघ," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "आज आला नाही. का नाही आला? पोरगी तापली असेल, बस चुकली असेल, नाहीतर नुसतंच उठावंसं वाटलं नसेल. यातलं काही लिहायची सोय आहे का इथे? तीनदा गैरहजर लागलं की यंत्र आपल्या आपण पत्र काढतं आणि यादीतून नाव कटतं. साहेबालासुद्धा थांबवता येत नाही. आजारी लिहावं तर दाखला आणा. मुलाखतीचा दाखला मात्र कुणी मागत नाही. देवानेच ठेवलेली फट आहे ती."

तिने ते मनाशी धरलं. मोठ्या बाई निवृत्त होऊन लेकीच्या गावी निघून गेल्या, तरी त्यांचा आवाज खुर्चीमागे तसाच उभा राहिला. गेली सात वर्षं ती तीच तिसरी ओळ दाबत होती.

तशी ती नेमाची बाई. संध्याकाळी कामावरून आली की हातपाय धुऊन पाच मिनिटं देवापुढे डोळे मिटून बसायची आणि दिवसभरात तोंडून गेलेला एकेक शब्द त्याच्यापुढे ठेवायची. कुणाला टोचून बोलले का, कुणाला खोटं सांगितलं का, कुणाला रांगेत उगाच ताटकळत ठेवलं का. या नेमात खंड नव्हता. पण तिसरी ओळ त्या उजळणीत कधी आलीच नाही, कारण ती तोंडाने बोललेली नव्हती. बोटाने दाबलेली होती.

केंद्रात नाव नोंदवलेल्या बेकार माणसाला सरकार दोनपैकी एका ठिकाणी बसवत असे. एक, वरच्या मजल्यावर गुरुवारी भरणारा मुलाखत-तयारी वर्ग. तिथे भिंतभर आरसा होता. आरशासमोर उभं राहून हसायचं कसं, हात मिळवायचा कसा, 'तुमच्यातला एक दोष सांगा' असं विचारलं तर गुणच दोष म्हणून कसा सांगायचा, हे शिकवत. दुसरं ठिकाण म्हणजे मागच्या अंगणातली पत्र्याची शेड. तिथे एक निवृत्त मास्तर जळलेल्या मोटरी नव्या तारेने बांधायला शिकवत. दोन्हीकडची हजेरी गुरुवारी तीन आणि पाच नंबरच्या खिडकीवर चढायची.

त्या आठवड्यात राजधानीतून तपासणीला बाई आल्या होत्या. वय तिशीच्या आत, केस मागे घट्ट बांधलेले, आणि बोलण्यात दर दोन वाक्यांनी टक्का. पाच नंबरच्या खिडकीवरचा कारकून फार बोलका. त्याने पहिल्या तासातच त्यांचं नाव 'टक्केबाई' ठेवून दिलं. "जपून हो," तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "चहा अर्धा टाकलात तर पन्नास टक्के वाया लिहितील."

बुधवारी दुपारी साहेबांनी सगळ्यांना वर बोलावलं. आरशाच्या खोलीत पडदा लावला होता. साहेब खुशीत होते. टेबलावरची बिस्किटं स्वतः पुढे सरकवत होते, यावरूनच काय ते कळत होतं.

"या राज्यातल्या चौदा केंद्रांच्या चार वर्षांच्या नोंदी आम्ही पाहिल्या," टक्केबाई म्हणाल्या. "कुठली योजना माणसाला कामाकडे ढकलते आणि कुठली नाही, हे नोंदींवरूनच ठरवायचं आहे. माणसाला खरंच नोकरी लागली का, ते मालकांच्या कागदांवरून कळतं, पण ते कागद यायला दीड वर्ष लागतं. तोवर आम्ही मुलाखती मोजतो. तुमच्या वर्गातला माणूस वर्षाला सरासरी अकरा मुलाखती देतो. चौदा केंद्रांत इतकं कुठेच नाही."

साहेबांनी मान अशी झुकवली की जणू अकराच्या अकरा मुलाखती त्यांनीच दिल्या होत्या.

"आणि शेडमधला माणूस वर्षाला एकही देत नाही." त्यांनी पडद्यावर एक ओळ आणली. "नावं आमच्याकडे येत नाहीत, फक्त क्रमांक येतात. हा एक क्रमांक बघा. पुरुष, वय एकेचाळीस, टायरचा कारखाना, मिश्रण विभाग, चौदा वर्षं नोकरी. वर्गात होता तेव्हा एका सत्रात नऊ मुलाखती. मग जागेअभावी त्याला शेडमध्ये पाठवलं. त्यानंतर शून्य. शेडमध्ये गेला की माणूस प्रयत्नच सोडतो. म्हणून शेड बंद करून तिथे दुसरा वर्ग सुरू करावा, असं मी अहवालात सुचवते आहे. सोमवारी अहवाल जाईल."

तिच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. ओळीत नाव नव्हतं, आणि नावाची गरजही नव्हती. वय, कारखाना, विभाग, वर्षं, हे सगळं तिनेच तीन नंबरवर बसून भरलं होतं. तो तिचा धाकटा दीर होता.

"एकच गोष्ट मला कळली नाही," टक्केबाई जाता जाता म्हणाल्या. "या मुलाखती सगळ्या गुरुवारीच कशा?"

पाच नंबरवाला छताचा पंखा निरखू लागला.

"गुरुवारी इकडच्या कंपन्या जरा निवांत असतात," साहेब म्हणाले.

खाली आल्यावर तिला खुर्चीत बसवेना. तिने काउंटर पुसला. पुसलेला काउंटर पुन्हा पुसला. नळावर जाऊन आली, शिक्क्याची शाई बघून आली, जिना अर्धा चढून उतरली. शेवटी हजेरीचा कागद घ्यायच्या निमित्ताने शेडकडे गेली. कागद घ्यायला उद्याच जायचं होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

शेडमध्ये दीर लांब टेबलाशी उभा होता. डाव्या हाताने चरकी फिरवत होता, उजव्या चिमटीतून तांब्याची तार सरकत होती आणि ओठ हलत होते. तिला बघून त्याने नुसता तळहात दाखवला. थांबा, या अर्थी.

"वेढे मोजतायत," मास्तर मोठ्याने म्हणाले. उभी हयात मोटरींत गेल्यामुळे त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं असं धरून ते बोलत. "मध्ये बोलाल तर पहिल्यापासून. पाच वाजले तरी जात नाहीत तुमचे भाऊजी. दिवा मालवला की मग हलतात. मी म्हटलं, घरी वहिनी जेवायला देत नाही का."

"दोनशे चाळीस," दीर म्हणाला, तार तोडली आणि हसला. हे हसू आरशासमोर शिकवलेलं नव्हतं. कारखान्याला कुलूप लागल्यापासून दीड वर्ष हा माणूस घरात होता आणि नव्हताही. मीठ हवंय हेसुद्धा बोटाने दाखवायचा. शेडमध्ये आल्यापासून चाळीतले सगळे पंखे त्याच्या हाताखालून गेले होते आणि तो शेजारणींशी भांडूही लागला होता.

"काही काम होतं, वहिनी?"

"नाही. हजेरीचा कागद."

"तो उद्या ना?"

"हो, उद्याच," ती म्हणाली आणि परतली.

संध्याकाळी ती देवापुढे बसली. आजचे शब्द आठवायला लागली. खोटं असं काही बोलली नव्हती. पण मांडीवर ठेवलेली उजव्या हाताची तर्जनी तिला जड लागू लागली, जणू दुसऱ्याच कुणाची तिथे आणून ठेवलीय. वर्गात असताना नऊ गुरुवार भाऊजी आले नव्हते. नऊ वेळा तिने तिसरी ओळ दाबली होती. घरच्या माणसाचं नाव कटलं तर काय तोंड दाखवायचं, म्हणून इतरांपेक्षा जरा घाईनेच दाबली होती. तिला बसवेना. पाच मिनिटं पुरी होण्याआधीच ती उठली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

दीर मागच्या गॅलरीत शेजारणीचा टेबलफॅन उघडून बसला होता. दिराचा दादा, म्हणजे तिचा नवरा, अजून छापखान्यातून यायचा होता.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा की. फुकट करतोय म्हणून रागावणार असाल तर आधीच सांगतो, तिने चहा पाजलाय."

"तुम्ही वर्गात होतात ना, शेडच्या आधी. तेव्हा गुरुवारी कुठे जायचात?"

पेचकस थांबला. "मुलाखतीला."

"भाऊजी."

"तुमच्याच केंद्रात नोंद आहे. जाऊन बघा, तीन नंबरवर."

"ती मीच केली होती. तुम्ही आला नाहीत म्हणून. नाव कटू नये म्हणून."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग पंख्याची जाळी हळूच खाली ठेवली. "म्हणजे मी कुठे जात नव्हतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"वाटलं होतं. विचारावंसं वाटलं नाही. तुम्हाला आणखी लाज नको."

"आणि मेसेज?"

"कसला मेसेज?"

तो हसला, पण कोरडं. "रोज तिथे बसता आणि तुम्हाला ठाऊक नाही? तुम्ही ते बटण दाबलंत की नोंदवलेल्या नंबरवर मेसेज जातो. 'आपण मुलाखतीस उपस्थित राहिल्याची नोंद झाली आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' माझा फोन तेव्हा बंद होता. नंबर कुणाचा दिला होता तुम्ही?"

तिने आपल्या नवऱ्याचा दिला होता.

आता तिला ते गुरुवार आठवले. जेवताना नवरा ताटावरून मान वर करून विचारायचा, "काय रे, कशी झाली आज?" आणि दीर खाली बघून काहीतरी सांगायचा. तिला वाटायचं, भाऊजींनीच भावाला थाप मारली असेल, बिचाऱ्याला झाकायचं असेल, आपण मध्ये पडू नये. म्हणून ती भाजी वाढायला उठायची.

"दादाच्या फोनवर ते मेसेज मी फार पुढे पाहिले. तोवर वाटायचं तुम्हीच सांगता त्याला," दीर म्हणाला. "वाटायचं, या दोघांना खरंच वाटतंय मी जातो, मग आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू. नऊ गुरुवार, वहिनी. नऊ कंपन्या काढल्या मी. एकदा दादाने विचारलं, साहेब कसा होता. मी म्हटलं, टकला होता, पण भला माणूस. त्या टकल्याच्या फोनची दादा महिनाभर वाट बघत होता."

"मग असायचात कुठे?"

"सरकारी दवाखान्यात. बाहेरच्या रुग्णांच्या बाकावर. तिथे बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, इथे का बसलात म्हणून. नंबर पुकारायचे, माणसं उठायची, मी पुढच्या बाकावर सरकायचो. एकदा सरकत सरकत थेट डॉक्टरच्या दारात पोचलो. ते म्हणाले, काय होतंय? मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, मग छान आहे." त्याने एक स्क्रू उचलला, उगाच बोटांत फिरवला. "वर्गात आरशासमोर उभं करायचे. हसा म्हणायचे. चौदा वर्षं तोंडाला फडकं बांधून रबर मळलं. माझं तोंड मलाच ओळखू येईना, तर हसू कसं?"

मग तिने त्याला शेडचं सांगितलं. पडद्यावरची ओळ, नऊ, आणि त्यानंतरचं शून्य. सोमवारचा अहवाल. सांगताना ती गॅलरीतल्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि घातलेल्या घड्या पुन्हा उलगडत होती.

त्याने हातातला स्क्रू जाळीशेजारी ठेवला. "म्हणजे दवाखान्यात बसून होतो तेव्हा माझं बरं चाललं होतं, आणि मोटर बांधतो म्हणून बिघडलं."

"मी उद्या त्यांना खरं सांगू म्हणते. पण सांगितलं तर तीन तीन गैरहजेऱ्या लागतील सगळ्यांना. शेडमध्ये आहेत तीस माणसं. वर्ग चुकवलेली दोनशेच्या वर असतील. आणि लोक म्हणतील, दिरासाठी केलं."

"दिरासाठी नाहीच करणार का?"

"करणारच. म्हणून तर कळत नाहीये."

"माझं सांगा," दीर म्हणाला. "दवाखान्याचं पण सांगा. बाकीच्यांचं मात्र त्यांना विचारल्याशिवाय सांगू नका. त्यांच्याही घरी मेसेज गेले असतील. कुणाकुणाच्या घरी असाच टकला साहेब बसला असेल. मला कुणी विचारलं नव्हतं, वहिनी. नाव राखलंत, पण विचारलं नाहीत."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

जेवताना दीर भावाला म्हणाला, "दादा, तो टकला साहेब होता ना, मागच्या वर्षीचा. तो नव्हताच."

नवऱ्याने घास चावून पुरा केला. "मला वाटलंच," तो म्हणाला. "एवढा भला असता तर फोन केल्याशिवाय राहिला नसता."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. वर्ग सुटला, वरून हजेरी आली. न आलेले अकरा. तिने पहिल्या नावापुढचा बाण दाबला. तीन ओळी उघडल्या. मोठ्या बाईंचा आवाज आपल्या जागी येऊन उभा राहिला, पुढच्याला हाक मार म्हणाला. तर्जनी हलेना. तिने यादी मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. खिडकीबाहेरचा माणूस म्हणाला, "ताई, यंत्र बंद पडलं का?"

"यंत्र चालू आहे," ती म्हणाली. "दोन मिनिटं द्या."

टक्केबाई आतल्या छोट्या खोलीत संगणकापुढे बसल्या होत्या. टेबलाखाली बूट काढून ठेवलेले, एका पायाने दुसऱ्या पायाचा घोटा चोळत होत्या. तिला बघून त्यांनी पाय घाईने बुटांत घातले.

"मॅडम, तुम्ही काल विचारलंत, सगळ्या मुलाखती गुरुवारीच कशा. गुरुवारी आमचा वर्ग असतो. जो वर्गाला येत नाही, तो मुलाखतीला गेला असं मी लिहिते."

टक्केबाईंनी चष्मा काढला. "कधी कधी?"

"नेहमी. सात वर्षं झाली."

"म्हणजे ज्याला वर्ग सगळ्यांत नकोसा, त्याच्या मुलाखती सगळ्यांत जास्त."

"हो."

"आणि शेडमधली माणसं?"

"ती येतात, मॅडम. रोज येतात. चुकवतच नाहीत, म्हणून त्यांचा रकाना रिकामा. तुम्ही काल पडद्यावर दाखवलेला माणूस माझा दीर आहे. त्या नऊ मुलाखती माझ्या आहेत. तो तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसायचा. हे सांगायला त्याची हरकत नाही. विचारून आलेय."

टक्केबाई पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे निळ्या आणि पिवळ्या काड्या उभ्या होत्या, निळी उंच, पिवळी जमिनीला टेकलेली. "आठ महिने बसलेय मी यावर," त्या हळू म्हणाल्या. टक्का लावायला त्यांना काही सुचलं नाही. मग म्हणाल्या, "असं लिहायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

लेकीच्या गावी मोठ्या बाई या वेळी डोळ्यांत औषध घालून पडल्या असतील. "बोट माझंच होतं," ती म्हणाली.

"खोडून गैरहजर केलं तर?"

"मग पत्रं निघतील. तेच तर. त्यांनी मागितलं नव्हतं, मी दिलं. शिक्षा त्यांना का?"

टक्केबाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. आपण एकटीच अस्वस्थ नाही, हे बघून तिला किंचित बरं वाटलं.

"नुसत्या तुमच्या सांगण्यावर मला सगळे आकडे टाकून देता येणार नाहीत," टक्केबाई म्हणाल्या. "वर विचारतील, एक कारकून म्हणाली म्हणून? पण माझा एक वेगळा फॉर्म असतो. जबानीचा. माणसाने स्वतः सांगायचं, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात. ते माझ्याकडे राहतं. रजिस्टरात परत जात नाही, कायद्यानेच जाऊ शकत नाही. तुमच्या साहेबालाही दिसत नाही. त्यावरून नाव कटत नाही. चाळीस जणांनी सांगितलं तरी अहवाल थांबवायला पुरे. पण मी फोन केला तर काय म्हणतील?"

"मुलाखतीला गेलो होतो म्हणतील."

"मग?"

"मी जाऊन विचारते," ती म्हणाली. "जो सांगेल त्याचं आणीन. जो नको म्हणेल त्याला परत विचारणार नाही. सोमवारी सकाळी तुमच्या टेबलावर ठेवीन."

"चाळीस?"

"चाळीस."

"तुम्ही केलेलं तुम्हालाही लिहून द्यावं लागेल. त्याचं पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही."

"द्या कागद."

तिने तिथेच लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखंच गोल आलं, याचं तिलाच नवल वाटलं. आजच्या अकरा जणांपुढचे रकाने तिने रिकामे ठेवले. सोमवारपर्यंत ते तसे ठेवता येत होते. मग साहेबांकडे अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज घेऊन गेली.

साहेब अजूनही कालच्याच खुशीत होते. "आज रजा? केंद्राचं नाव झालंय, बाई, जरा बसा, मिरवा. घरी काही आहे का?"

"नाही. माणसांना विचारायला जायचंय."

"कुठल्या माणसांना?"

"जी मुलाखतीला गेली नव्हती त्यांना."

साहेबांचं पेन अर्जावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका पसरायला लागला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा अर्जाकडे. "टेबलावरचा पंखा फार आवाज करतो," ते म्हणाले. "मला नीट ऐकू आलं नाही." आणि सही केली.

पाच नंबरवाल्याने तिला पिशवीत जबानीचे फॉर्म ठेवताना बघितलं. या वेळी त्याला कोटी सुचली नाही. थोड्या वेळाने तो तिच्या खिडकीशी आला आणि एक चिठ्ठी काउंटरवर सरकवली. तिच्यावर सहा नावं होती, घरच्या पत्त्यांसह. "माझ्याकडचे," तो पुटपुटला. "जिना चढायला लागेल. दोघींकडे कुत्रं आहे."

ती बाहेर पडली. ऊन तिरपं झालं होतं. समोरच्या बाकावर दोन माणसं नुसतीच बसली होती. त्यातला एक तिला ओळखून उभा राहायला लागला, तशी ती "बसा, बसा" म्हणत पुढे गेली. कोपऱ्यावर थांबून तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि पिशवीत टाकलं. पहिला पत्ता काचेच्या दुकानामागचा होता. दार उघडल्यावर काय बोलायचं, याची तिने मनात दोनदा जुळणी केली. दोन्ही वेळा ते खिडकीवरचं बोलणं वाटलं. शेवटी एवढंच ठरलं की आधी आपलं सांगायचं, मी तुमच्याबद्दल एक खोटं लिहिलं होतं म्हणून, आणि मग त्यांचं विचारायचं.

बस यायला बारा मिनिटं होती. तेवढा वेळ एका जागी उभं राहणं तिला जमेना. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन ती चालतच निघाली.